पंखाघरातल्या चौदा जणी

कारा-ताल्दी, १२ फेब्रुवारी

रायखान,

पत्र बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. फोनवर आपलं बोलणं होत नाही हे तुलाही ठाऊक आहे. सव्वीस वर्षं खाणीच्या मोठ्या पंख्याशेजारी बसून माझे कान गेले. तू तिकडून "ऐकू येतंय का आपा?" एवढंच विचारत राहतेस, मी इकडून हो हो करत राहते, आणि फोन ठेवला की मला कळतं, मला काहीच कळलेलं नाही. कागद बरा. तो पुन्हा वाचता येतो.

दाउरेनचा मलाही फोन नसतो, त्यामुळे त्याची खुशाली विचारू नकोस. तो माझा मुलगा आहे म्हणून त्याची बाजू घ्यायचं मी केव्हाच सोडलं. काडीमोड तुमच्या दोघांचा झाला. माझा तुझ्याशी झालेला नाही.

आता कामाचं. मंगळवारी संस्कृती भवनात सभा झाली. अस्तानाहून तुमच्या मंत्रालयातले दोघे आले होते. पुढच्या वर्षअखेरीला आमची खाण बंद होणार. हवेतला धूर कमी करण्याचा देशाने जगाला शब्द दिलाय, आणि त्यात पहिला नंबर जुन्या खाणींचा. हे आम्ही दोन वर्षं ऐकतोय, त्यामुळे कोणी आरडाओरडा केला नाही. या वेळी मात्र नवं ऐकलं. आधी माणसांची सोय, मग कुलूप, असा कायदा येतोय म्हणे. तरुणांना पगार चालू ठेवून दुसरं काम शिकवायचं, पन्नाशी ओलांडलेल्यांना निवृत्तीच्या वयापर्यंत भत्ता, आणि गावात नवा कारखाना आला तर पहिला हक्क खाणवाल्यांचा. मसुद्याच्या प्रती वाटल्या. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात तो लिहिणाऱ्यांची नावं होती. तिसरं नाव तुझं.

मी ते लिदियाला दाखवलं. पंखाघरात ती माझी जोडीदार, तुला आठवत असेल, उंच, कायम सुंठीचा चहा पिणारी. म्हटलं, "ही माझी सून."

ती म्हणाली, "होती."

म्हटलं, "तू तुझी सुई बघ." सुई म्हणजे हवेच्या दाबाची, ती तिच्याकडे असते.

मसुदा मी दोनदा वाचला. त्यात 'खाण कामगार' हा शब्द जागोजाग आहे. मी एक दिवसही जमिनीखाली उतरलेली नाही. मग मी त्यात धरून आहे की सोडून? सरळ सांग.

कुल्याश


अस्ताना, २४ फेब्रुवारी

प्रिय आपा,

तुमचं पत्र टेबलावर ठेवलं आणि आधी पाच मिनिटं नुसती बघत बसले. खूप बरं वाटलं.

काळजी करू नका, तुम्ही त्यात आहात. तिसऱ्या परिशिष्टात जमिनीवरची कामं आहेत आणि पंखाचालक हा शब्द तिथे मी स्वतः घातलाय. अट एवढीच, की माणूस खाणीच्या पगारपत्रकावर हवा आणि तीन वर्षं पूर्ण हवीत. तुमची सव्वीस झाली. वयही चोपन्न. म्हणजे भत्ता मिळेल, आणि घराचं हीटिंग खाणीच्या बॉयलरवर आहे ते बदलून देण्याची जबाबदारीही कंपनीवरच राहील.

आपा, हा कायदा चांगला आहे. मी लिहिलाय म्हणून म्हणत नाही. बाहेरच्या देशांत आधी खाणी बंद झाल्या आणि मग वीस वर्षं माणसं रांगेत उभी राहिली. आम्ही ते सगळं वाचलं आणि क्रम उलटा केला. सोयीचा आराखडा मंजूर झाल्याशिवाय खाण बंद करण्याचा परवानाच मिळणार नाही. अशी अट घालायला कोणी तयार नव्हतं. चार महिने भांडलो तेव्हा ती आली.

एक विनंती. मी तुमची सून आहे हे गावभर सांगू नका. उद्या कोणी म्हणेल, हिने घरच्यांसाठी कायदा केला.

तुमची रायखान


कारा-ताल्दी, ९ मार्च

रायखान,

पत्र मिळालं. सांगणार नाही. सांगून झालंय त्यांना आता गप्प बसायला सांगते.

क्रम उलटा केलात हे उत्तम केलंत. तेमिरबेकला वाचून दाखवलं. खाली कोळसा काढणाऱ्यांचा मुकादम आणि संघटनेचा म्होरक्या तोच. तो कोणाचं कौतुक करत नाही. "बाईला अक्कल आहे," म्हणाला. घे, ठेव जपून.

काल महिला दिनाला लिदिया आली होती. तिच्यासाठी एक विचारायचंय. नऊ वर्षांपूर्वी कंपनीने पंखाघर, खाली उतरणाऱ्यांना दिवे देणारं दिवेघर आणि कॉम्प्रेसर, तिन्ही एकाच कंत्राटदाराला दिले. त्या वेळी लिदिया त्याच्या पगारपत्रकावर गेली. खुर्ची तीच, पंखा तोच, पाळी तीच, कागदावरचा शिक्का तेवढा वेगळा. कोणी विचारलं नव्हतं, कागद पुढे केला, हिने सही केली. तर तिचं काय? ती धरून की सोडून?

तिला विचारायला संकोच वाटतो, म्हणून मी विचारतेय.

कुल्याश


अस्ताना, २० मार्च

प्रिय आपा,

नौरिझच्या, नव्या वर्षाच्या शुभेच्छा. ऑफिसात उद्या सणाचं जेवण आहे. तुमच्यासारखं आंबवलेल्या धान्याचं कोझे सूप इथे कोणाला जमत नाही.

लिदियाबाईंबद्दल मी कलम पुन्हा तपासलं. वाईट वाटतं, पण कंत्राटी माणसं त्यात येत नाहीत. हे विसरून राहिलेलं नाही, यावर चर्चा झाली होती. कंत्राटदाराची माणसं आज या खाणीत तर उद्या दुसऱ्या कामावर जाऊ शकतात, त्यांचं खाणीवर अवलंबून असणं सिद्ध करणं अवघड, असं मत पडलं. ते मला पूर्ण पटलं असं नाही. पण आपा, कायद्याला कुठेतरी रेघ मारावीच लागते. सगळ्यांना आत घ्यायला गेलं तर वरचे लोक सगळा मसुदाच बाजूला ठेवतील, आणि मग जे मिळतंय तेही जाईल.

लिदियाबाईंसाठी रोजगार कार्यालयाच्या नेहमीच्या योजना आहेत. माहितीपत्रक सोबत जोडलंय. त्यांना द्या.

तुमची रायखान


कारा-ताल्दी, २ एप्रिल

रायखान,

माहितीपत्रक वाचलं. केशकर्तन आणि केक सजवणं शिकवतात. लिदियाला दिलं. तिने घडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली ठेवलं.

गेल्या गुरुवारी काय झालं ते सांगते. वर्तमानपत्रात आलेलं नाही, कारण काही झालं नाही. आमचं काम तसंच आहे. नीट झालं तर बातमी होत नाही.

दुपारी पावणेबाराला वीज गेली. पंखा थांबला. तो थांबतो तेव्हा आधी पायांना कळतं, जमीन हलायची बंद होते. खाली त्रेसष्ट माणसं होती. कोळशातून मिथेन सुटतच असतो. पंखा तो ओढून बाहेर टाकतो, म्हणून माणसं जिवंत असतात. दहा मिनिटांत दुसऱ्या लाइनीवरचा राखीव पंखा सुरू करायचा, हा नियम आहे. मी बटण दाबलं, मोटार लागली, पण हवेचा मार्ग बदलणारी झडप बर्फाने जाम झालेली. गुरुवारी बाहेर उणे अकरा होतं. लिदिया आणि मी बाहेर जाऊन हाताने फिरवायच्या चाकाने ती उघडली. माझ्या तळहाताची साल निघाली. लिदिया प्रत्येक वळशाला तिच्या माहेरच्या जर्मनमध्ये शिव्या देत होती, मला त्या ऐकू येत नव्हत्या, पण तोंड दिसत होतं. आठव्या मिनिटाला हवा सुरू झाली.

तेमिरबेक वर आला तेव्हा पंखाघरात आला. टोपी काढली, पुन्हा घातली, गेला. दुसऱ्या दिवशी कंपनीने 'सजग कर्मचाऱ्यांना' म्हणून प्रशस्तिपत्रं वाटली. ती वीज विभागातल्या दोघांना मिळाली. आम्हाला नाही. आम्ही त्यांच्या कर्मचारी नाही.

आता नीट वाच. लिदियाबद्दल विचारलं ते खरं होतं, पण अर्धं. नऊ वर्षांपूर्वी तो कागद माझ्याही पुढे केला होता आणि मीही सही केली होती. आम्ही चौदा जणी आहोत. चौदाही सोडून.

तुला आधी का सांगितलं नाही ते सांगते. माझं नाव घेतलं असतं तर तू सासूसाठी लिहिलं असतंस. परक्या बाईसाठी तू काय लिहितेस ते मला बघायचं होतं.

बघितलं.

कुल्याश


अस्ताना, १५ एप्रिल

आपा,

तुमचं पत्र मी चार दिवस कोणाला दाखवलं नाही. मग आमचे विभागप्रमुख तुरार आगा यांच्याकडे घेऊन गेले.

मी त्यांना सांगितलं, या कलमातून माझ्या घरच्या माणसाला लाभ होऊ शकतो, म्हणून मी हे प्रकरण सोडते. ते म्हणाले, "माजी सासू कायद्यात नातेवाईक नसते." मी म्हटलं, "कायद्यात नसेल." त्यांनी ते प्रकरण काढून घेतलं. आता माझ्याकडे बंद खाणीतलं पाणी आणि वायू किती वर्षं मोजायचे ते प्रकरण आहे. म्हणजे तुमच्या कलमाला मी हात लावू शकत नाही. ते दुसऱ्या कोणाच्या हातात आहे, तो कोण हेही सांगणार नाही.

पण तुम्ही लावू शकता. मसुदा ३० मेपर्यंत हरकतींसाठी खुला आहे. आलेल्या प्रत्येक हरकतीला कारणांसह लेखी उत्तर द्यावं लागतं, टाळता येत नाही. ज्या गावातली खाण बंद होणार तिथल्या शंभर माणसांनी सहीने मागितली तर मंत्रालयाला गावात येऊन जाहीर सुनावणी घ्यावी लागते. हे गुपित नाही, छापलेलं आहे. कोणी वाचत नाही एवढंच.

हरकत लिहिताना दया मागू नका. अन्याय झाला असंही लिहू नका, तसं सगळेच लिहितात. तुम्ही काय करता ते लिहा. पंखाघराच्या नोंदवह्या कंत्राटदाराच्या नसतात, खाणीच्या असतात, त्यावर तासातासाला तुमच्या सह्या आहेत. गुरुवारची ती आठ मिनिटंही त्यात असतील. त्यांच्या नकला मागा.

मी तुम्हाला 'रेघ मारावीच लागते' असं लिहिलं होतं. ती कुठे मारायची हे तुम्ही मला विचारत होतात, आणि मी तुम्हाला केशकर्तनाचं पत्रक पाठवलं. याबद्दल माफी मागायला शब्द शोधले, सापडले नाहीत. समोर येईन तेव्हा मागेन.

रायखान


कारा-ताल्दी, ६ जून

रायखान बाळ,

आधी बातमी. शंभर सह्या हव्या होत्या, तीनशे बारा झाल्या. सुनावणी परवा झाली.

सोपं नव्हतं ते. सुरुवातीला खालचे पुरुष सही करेनात. भत्त्याचा पैसा ठरलेला, चौदा बायका आत आल्या तर आपल्या ताटातलं कमी होईल, असं कोणीतरी पसरवलं होतं. तेमिरबेकही म्हणाला, "कुल्याश, मी तुझा मान ठेवतो, पण मला माझ्या माणसांचं बघायचंय." मी म्हटलं, "सव्वीस वर्षं मीही तुझ्याच माणसांचं बघतेय." दोन दिवसांनी कोरा कागद मागायला आला आणि त्यावर पहिली सही त्याने स्वतः केली.

संस्कृती भवन भरलं होतं. मंचावर तुमच्याकडचे तिघे, आणि कंत्राटदाराचा वकील, चकचकीत बुटांचा. कान नीट चालावे म्हणून मी पहिल्या रांगेत बसले होते आणि लिदिया माझ्या वहीत सगळं लिहून देत होती.

वकील म्हणाला, या भगिनींबद्दल आदर आहे, पण त्या सेवा पुरवतात. कॅन्टीनवाला सेवा पुरवतो तशी.

मंचावरच्या मधल्या माणसाने मला विचारलं, "आपण कधी खाणीत उतरला आहात?"

"नाही."

"मग आपण स्वतःला खाण कामगार कसं म्हणवता?"

मी उठले. आमच्या चौदा जणींनी नोंदवह्यांच्या नकला आणल्या होत्या, त्या त्याच्यापुढे ठेवल्या. म्हटलं, "मी काही म्हणवत नाही साहेब. तुम्ही ठरवा. उद्या सकाळच्या पाळीला आम्ही चौदाही घरी बसतो. एकीने दिवा दिला नाही, एकीने हवा दिली नाही. मग या वकीलसाहेबांना खाली उतरवा आणि विचारा, कॅन्टीन बंद असल्यासारखं वाटतं का."

लोक हसले. वकील हसला नाही. मधला माणूस नोंदवही चाळत होता. तो २७ मार्चच्या पानावर थांबला, तिथे लिदियाच्या अक्षरात मिनिटं लिहिलेली आहेत. त्याने विचारलं, "हे कोणी खात्रीने सांगू शकेल?"

तेव्हा मागून तेमिरबेक उभा राहिला. म्हणाला, "मी खाली होतो." नंतर कोळशाने काळे झालेले बाकीचेही उभे राहिले, एकेक करून. सकाळची पाळी संपवून थेट आले होते. मी मोजले नाहीत. लिदियाने मोजले, सत्तावन्न. सहा जण रजेवर होते.

मधल्या माणसाने चष्मा काढून पुसला आणि आम्हाला विचारलं, "तुमच्या मते शब्द काय हवा?" आम्ही तो आधीच लिहून नेला होता. ज्याचं काम थांबलं तर खाण थांबते, तो खाण कामगार; पगार कोणीही देवो.

तो माणूस तुमचा तुरार आगा होता हे मला नंतर कळलं. तू सांगितलं नाहीस ते योग्य केलंस.

कुल्याश


अस्ताना, ३ नोव्हेंबर

प्रिय आपा,

संसदेत काल शेवटचं वाचन झालं. नववं कलम, जसं मंजूर झालं तसं उतरवून देते: 'पगार कोणीही देत असो, ज्या व्यक्तीचं काम थांबल्यास खाणीतलं काम सुरक्षितपणे चालू राहू शकत नाही, आणि जिने त्या कामाच्या जागी किमान दहा वर्षं काम केलं आहे, ती व्यक्ती खाण कामगार समजली जाईल.'

दहा वर्षांची अट शेवटच्या आठवड्यात घातली गेली. अर्थ खात्याला काहीतरी कापायचं होतंच. मी तुमची यादी पाहिली. अकरा जणी आत येतात. गाल्या, उल्बोसिन आणि शोल्पान राहतात.

ही बातमी मी तुम्हाला पूर्ण द्यायची ठरवली होती, म्हणून देतेय.

मी मंत्रालय सोडतेय. रागाने नाही. तुरार आगांनी जेवायला घातलं आणि शिफारसपत्रही दिलं. कायदा लिहून झाला, आता तो लावावा लागेल, आणि लावताना प्रत्येक गावात कोणीतरी वेगळा अर्थ काढेल. कारागांडीत आम्ही तीन वकील मिळून कार्यालय उघडतोय. तुमच्या गावापासून बसने दीड तास.

कलम पुन्हा वाचा आपा. 'कामाच्या जागी' असं लिहिलंय. 'कंपनीत' असं नाही.

रायखान


कारा-ताल्दी, ११ नोव्हेंबर

रायखान,

वाचलं. कळलं.

गाल्याची कागदावर नऊच वर्षं दिसतात, कारण त्याआधीची तीन वर्षं दिवेघर दुसऱ्याच कंत्राटदाराकडे होतं आणि त्याची कागदपत्रं कुठे गेली ते कोणाला ठाऊक नाही. उल्बोसिनचंही तसंच. जागा दोघींची तीच. दिवे घेणाऱ्यांच्या सह्यांचं रजिस्टर जुन्या कपाटात आहे, मी आज काढून आणलं.

शोल्पानची चारच वर्षं झालीत. तिचं मी काही सांगू शकत नाही. तू सांग.

सोमवारी कारागांडीला तुझ्या कार्यालयात येतो. मी, त्या तिघी आणि रजिस्टर. तिथे चहापुरती शेगडी आहे ना?

कुल्याश


कारागांडी, १९ सप्टेंबर

प्रिय आपा,

निकाल काल दुपारी लागला. गाल्या आणि उल्बोसिन यादीत. न्यायाधीशबाईंनी निकालात लिहिलं, की काम आणि जागा तीच असताना मधे मालक किती बदलले हे मोजण्याचं कारण नाही. हे वाक्य आता दुसऱ्या खाणींतल्या माणसांनाही वापरता येईल.

शोल्पानचा दावा मी हरले. चार ही चारच, असं न्यायाधीशबाई म्हणाल्या, आणि कायद्याने त्यांचं बरोबर आहे. तिला स्वतः भेटून सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "तेरा आल्या ना." मग विचारलं, बंद खाणीतला वायू मोजण्याच्या केंद्रासाठी खुली भरती आहे तिथे मी अर्ज करू का. मी तो तिथेच बसून भरून घेतला. लागेल की नाही माहीत नाही.

पंखा कधी थांबवणार आहेत? त्या दिवशी मला यायचंय.

रायखान


कारा-ताल्दी, २२ डिसेंबर

रायखान बाळ,

तू न्यायालयात अडकलीस, म्हणून लिहून कळवते.

शुक्रवारी सकाळी अकराला शेवटचा माणूस वर आला. तेमिरबेक. त्यानंतर पंखा अर्धा तास चालू ठेवायचा असतो, तो ठेवला. मग मी दांडा खाली ओढला. एवढं मोठं पातं थांबायला वेळ लागतो, चार मिनिटं फिरत होतं. थांबलं तेव्हा लिदियाने माझा दंड धरला. मला वाटलं होतं रडू येईल, पण आलं नाही. भूक लागली. आम्ही दोघी बाहेर येऊन बर्फात उभ्या राहून घोड्याच्या मांसाचे कापे खाल्ले, लिदियाने घरून आणले होते.

माझा भत्ता जानेवारीपासून. लिदिया अजून लहान आहे, सत्तेचाळीस, तिचं प्रशिक्षण सुरू झालं. पगार चालू आहे. वर्गात तिला सगळे 'आजी' म्हणतात आणि ती त्यांना गृहपाठ दाखवत नाही. शोल्पानला केंद्रात सहा महिन्यांसाठी घेतलंय. पुढचं पुढे.

काल दुपारी दार वाजलं. उत्तरेकडच्या उघड्या खाणीच्या गावातून चार बायका मिनीबसने आल्या होत्या, तीन तास प्रवास करून. त्यांची खाणही यादीत आलीय. त्यांच्याकडे पंखा नाही, पाणी उपसणारे पंप आहेत, आणि या चौघी त्या पंपांवर काम करतात. कंत्राटी. कंपनीने सांगितलंय, नववं कलम भूमिगत खाणींपुरतंच.

त्यांतली थोरली म्हणाली, "तुम्ही काय लिहिलं होतं ते द्या, आम्ही तसंच उतरवून घेतो."

म्हटलं, "आमचं उतरवून तुमचं होणार नाही. तुमचा पंप थांबला तर काय होतं?"

"पाणी चढतं."

"किती वेळात?"

मग धाकटी म्हणाली, "सहा तासांत खालची यंत्रं बुडतात. गेल्या वसंतात आम्ही दोन दिवस गुडघाभर पाण्यात होतो."

मी तिच्यापुढे वही ठेवली, पेन दिलं आणि म्हटलं, "इथून सुरू कर. तारीख घाल." मग चहा ठेवायला उठले. परत आले तेव्हा चौघीही वहीवर वाकल्या होत्या आणि तारखेवरून भांडत होत्या.

गुरुवारी मी त्यांच्या गावाला जातेय. तूही ये. बस आठची आहे, मी तुझ्यासाठी जागा धरते.

कुल्याश